ताप, हृदय आणि पायाची करंगळी

ताप उतरला की माणूस चालायला मोकळा.
आषाढीसाठी मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरहून निघते आणि महिनाभर पायी चालून पंढरपूर गाठते. नुकताच तापातून उठलेला माणूसही निघायचा हट्ट धरतो. अशा बहुतेकांना काही होत नाही, म्हणूनच ही समजूत टिकून आहे. मात्र कॉक्सॅकी, पार्व्हो, इन्फ्लुएन्झा, कोविड अशा विषाणूंनी क्वचित हृदयाचा स्नायू सुजतो, म्हणजे हृदयदाह होतो, आणि त्याची लक्षणे ताप गेल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनीही दिसू शकतात. सुजलेल्या हृदयावर जोराचे श्रम पडले तर ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. निदान झाल्यावर डॉक्टर साधारण 3 ते 6 महिने जड कष्ट आणि व्यायाम बंद ठेवायला सांगतात, ते यासाठी. पालखी पुढच्या वर्षीही निघणार आहे.

तरुणाच्या छातीत दुखते ते पित्तच.
या वयात रक्तवाहिन्या सहसा तुंबत नाहीत, त्यामुळे तर्क पटतो. हृदयदाहात मात्र त्या मोकळ्याच असतात. तापानंतर छातीत दुखले, धाप लागली, चक्कर आली तर ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी लगेच करावी.

तरुणांचे अचानक मृत्यू कोविडच्या लसीमुळे होतात.
लस जवळजवळ सर्वांनीच घेतली, त्यामुळे कोणताही मृत्यू लसीनंतरचाच ठरतो. परदेशातील एमआरएनए लसींनंतर तरुण मुलांमध्ये क्वचित हृदयदाह आढळला, हेही खरे. भारतात प्रामुख्याने कोव्हिशिल्ड आणि कोव्हॅक्सिन दिल्या गेल्या. आयसीएमआरने ऑक्टोबर 2021 ते मार्च 2023 या काळात अचानक दगावलेल्या, वरकरणी निरोगी अशा 18 ते 45 वयाच्या 729 जणांची माहिती 47 रुग्णालयांतून घेऊन जिवंत व्यक्तींशी ताडून पाहिली. लसीने धोका वाढल्याचे दिसले नाही. दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमीच होता. धोका वाढलेला आढळला तो कोविडमुळे रुग्णालयात राहिलेल्यांत, घरात पूर्वी असा मृत्यू झालेल्यांत, आणि मृत्यूच्या आधीच्या 48 तासांत अतिमद्यपान किंवा अतिश्रम केलेल्यांत.

पायाची करंगळी गळली म्हणजे कुष्ठरोग.
कुष्ठरोगातही बोटे झिजतात, म्हणून शेजारीपाजारी घाबरतात. पण आयन्हम नावाचा एक दुर्मिळ विकार आहे. ब्राझीलचे डॉ. सिल्वा लिमा यांनी 1867मध्ये त्याचे वर्णन केले. करंगळीच्या मुळाशी खाच पडते, ती कड्यासारखी आवळत जाते, आतले हाड विरघळते आणि शेवटी बोट आपोआप सुटते. अनवाणी चालण्याला बराच काळ दोष दिला गेला, पण अनवाणी चालणाऱ्या असंख्य पायांना हा विकार होत नाही. नेमके कारण ठरलेले नाही. यात त्वचेवर बधिर चट्टे नसतात. खाच लवकर दिसली तर शस्त्रक्रियेने ते कडे सोडवून बोट वाचवता येते. आणि तपासणीत कुष्ठरोगच निघाला, तरी बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो. ही औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.