आगाऊ पैशांवरचा डोलारा

२३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे ‘थॉमस कुक’ ही १७८ वर्षांची ब्रिटिश पर्यटन कंपनी बंद पडली. तेव्हा तिचे सुमारे ६ लाख ग्राहक परमुलखात सहलीवर होते. त्यांतले दीड लाख एकट्या ब्रिटनचे. जगभरातल्या २१ हजार कर्मचाऱ्यांची नोकरी टांगणीला लागली, ब्रिटनमधल्या ९ हजारांची बहुतांशी गेलीच. कंपनी का बुडाली यावर बरेच लिहिले गेले. पण ती बुडाल्यावर कोण तरले, कोण बुडाले आणि ते कशाने ठरले, हा प्रश्न आपल्याला अधिक जवळचा आहे.

ही कंपनी साधीसुधी नव्हती. सुतारकाम करणाऱ्या आणि दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या थॉमस कुक यांनी ५ जुलै १८४१ रोजी सुमारे ५०० माणसांना एका शिलिंगात लेस्टरहून लफबरोला रेल्वेने नेले. गटाने प्रवास केला तर तो स्वस्त पडतो, हे त्यांनी हेरले. पुढे १८८१ मध्ये मुंबईतही कंपनीचे कार्यालय उघडले. प्रवास, मुक्काम, जेवण सगळे एकत्र ठरवून देणाऱ्या ‘पॅकेज’ सहलीची मुळे या व्यवसायात आहेत.

या व्यवसायाचा पाया म्हणजे आगाऊ पैसे. ग्राहक सहलीच्या कित्येक महिने आधी रक्कम भरतो. हॉटेलवाल्याचे बिल मात्र पाहुणे परतल्यावर दोन-तीन महिन्यांनी चुकते होते. मधल्या काळात ग्राहकाचा आणि हॉटेलवाल्याचा पैसा कंपनीच्या हातात खेळतो. बुकिंग वाढत असते तोवर हे चाक सुरळीत फिरते. विश्वास डळमळला की नवे बुकिंग थांबते, पुरवठादार रोख मागू लागतात, कार्डाने आलेली रक्कम मध्यस्थ संस्था अडवून ठेवतात. आजारी कंपनीचा श्वास नेमका तेव्हाच कोंडतो.

थॉमस कुकवर कर्जाचे ओझेही होते. २००७ मध्ये ‘मायट्रॅव्हल’शी झालेल्या विलीनीकरणाचे हिशेबातले मूल्य मे २०१९ मध्ये १ अब्ज १० कोटी पौंडांनी कमी करावे लागले आणि सहामाही तोटा दीड अब्ज पौंडांच्या घरात गेला. लोक विमान आणि हॉटेल स्वतःच इंटरनेटवर ठरवू लागले होते. कंपनीकडे मात्र शेकडो दुकानांचा पसारा होता. चीनच्या फोसुन समूहाच्या पुढाकाराने ९० कोटी पौंडांची बचाव योजना आखली गेली. बँकांनी आणखी २० कोटींची तजवीज मागितली, ती झाली नाही.

आता तरलेल्यांकडे वळू. ब्रिटनमध्ये १९७३ पासून विमानासह सहल विकणाऱ्याला ‘ॲटॉल’ परवाना घ्यावा लागतो. १९७४ च्या ऑगस्टमध्ये ‘कोर्ट लाइन’ ही कंपनी बुडाली, हजारो प्रवासी परदेशात अडकले, आणि त्यानंतर राखीव निधीची व्यवस्था झाली. अलीकडे कंपनी प्रत्येक प्रवाशामागे अडीच पौंड या निधीत भरते. २०१९ मध्ये त्याचे मोल कळले. नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने जगभरातून विमाने भाड्याने घेतली आणि दोन आठवड्यांत सुमारे १ लाख ४० हजार माणसे घरी आणली. शेवटचे विमान ऑर्लँडोहून मँचेस्टरला उतरले. परवान्याचे संरक्षण नसलेल्यांनाही सरकारने स्वखर्चाने आणले. पुढच्या सहलींसाठी भरलेले पैसे निधीतून परत मिळाले.

हे सारे सुरळीत झाले असे नाही. कंपनी बंद पडण्याच्या दोन दिवस आधी ट्युनिशियातल्या हम्मामेत इथल्या एका हॉटेलने, थकबाकी मिळेना म्हणून, पाहुण्यांना दाराशी अडवले होते. पाहुण्यांचा दोष नव्हता आणि हॉटेलवाल्याची भीतीही खोटी नव्हती.

जर्मनीत हीच कंपनी बुडाली तेव्हा चित्र वेगळे दिसले. तिथे ग्राहकांचे संरक्षण खासगी विम्यावर होते आणि त्या विम्याची कमाल मर्यादा होती ११ कोटी युरो. दावे त्याहून कितीतरी मोठे निघाले. अखेर उरलेली भरपाई सरकारला आपल्या अंगावर घ्यावी लागली आणि २०२१ मध्ये नवा निधी उभारावा लागला.

ग्राहकानंतर कर्मचारी. त्यांना महिनाअखेरचा पगार मिळाला नाही. कायद्याने ठरलेली, कमाल मर्यादेची रक्कम तेवढी सरकारी निधीतून मिळाली. पुढे ‘हेज ट्रॅव्हल’ने ५५५ दुकाने घेतली, म्हणून अनेकांना पुन्हा काम मिळाले. रांगेत सर्वांत शेवटी राहिले हॉटेलवाले, बसवाले, वाटाडे. स्पेनची बेटे, ग्रीस, तुर्कस्तान इथल्या छोट्या व्यावसायिकांची भर उन्हाळ्याची बिले थकली होती. त्यांच्यासाठी कोणताही निधी नव्हता.

याची झळ गोव्यालाही लागली. ऑक्टोबरात गोव्याचा चार्टर विमानांचा हंगाम सुरू होतो आणि थॉमस कुकची विमाने ब्रिटिश पर्यटक दाबोळीला आणत. हंगाम तोंडावर असताना ती बंद झाली. किनाऱ्यावरचे शॅकवाले, टॅक्सीवाले, छोटी हॉटेले यांची वर्षाची कमाई याच महिन्यांत होते. भारतातली थॉमस कुक कंपनी मात्र २०१२ पासून कॅनडाच्या फेअरफॅक्स समूहाकडे होती. ब्रिटिश कंपनीशी आपला संबंध नाही, हे तिला ग्राहकांना जाहीरपणे सांगावे लागले. नाव एक असले तरी मालकी वेगळी असू शकते, हा त्यातला धडा.

आपल्याकडे काय? सहल कंपन्यांनी घेतलेल्या आगाऊ रकमेसाठी ॲटॉलसारखा सक्तीचा निधी भारतात नाही. पर्यटन मंत्रालयाची मान्यता ऐच्छिक आहे. ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, पण कंपनीकडे पैसा उरला नसेल तर निकाल हातात घेऊन काय करायचे? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार अवसायनात आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारणधारक कर्जदाते आणि कामगारांची देणी भागतात. आगाऊ पैसे भरलेला सामान्य ग्राहक फार खाली येतो. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली तेव्हा तिकिटाचे पैसे अडकलेल्यांनी हे अनुभवले.

भविष्य निर्वाह निधीतून युरोपची सहल ठरवणारी निवृत्त जोडपी आपल्या ओळखीत असतातच. त्यांनी रक्कम भरण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात: पैसे टप्प्याटप्प्याने घेतले जातात का, विमानाचे तिकीट आपल्या नावावर कधी निघते, आणि प्रवास विम्यात कंपनी बुडाल्यास भरपाई आहे का. बहुतेक विमे आजारपण आणि सामान यांपुरते असतात. पण प्रत्येकाने एकट्याने घ्यायची ही खबरदारी निधीची जागा घेऊ शकत नाही. कोर्ट लाइन बुडाल्यावर ब्रिटनने माणशी थोडी रक्कम बाजूला काढायला सुरुवात केली आणि ४५ वर्षांनी ती कामी आली. तशी रक्कम बाजूला काढण्याचा निर्णय आपल्याला एखादी मोठी कंपनी बुडण्याआधीही घेता येईल.