पाठीवर मावेल तेवढंच

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मागच्या महिन्यात माझा नातू स्काउटच्या शिबिराला गेला. शनिवार-रविवारचं, एका रात्रीचं शिबिर. मुलगा सहावीत, वजन पस्तीस किलो. आदल्या संध्याकाळी त्याच्या आईनं भरलेली बॅग मी सहज उचलली आणि लगेच खाली ठेवली. वजनकाट्यावर घातली तर ११ किलो!

"अब्बा, तिकडं थंडी असते," मुलगी म्हणाली.

थंडी असतेच. पण मुलानं पाठीवर किती न्यायचं याचा एक ढोबळ हिशेब आहे. आपल्या वजनाचा पाचवा हिस्सा, त्याहून जास्त नाही. पस्तीस किलोच्या मुलाला सात किलो. लिटरभर पाणी म्हणजे त्यातला एक किलो गेलाच. शिवाय स्काउट एकटा जात नाही. सहा-आठ मुलांच्या तुकडीत पातेलं एकाकडे, तांदूळ-डाळ दुसऱ्याकडे, दोर आणि प्रथमोपचाराची पेटी तिसऱ्याकडे अशी वाटणी होते. म्हणजे स्वतःचं सामान पाच किलोंत बसवायचं. आयांना हे पटत नाही.

माझ्या अम्मीलाही पटलं नव्हतं. १९८१ च्या डिसेंबरात आमचं शिबिर वाईजवळ पांडवगडाच्या पायथ्याशी होतं. अम्मीनं अब्बांचा होल्डॉल भरून दिला होता. एसटीतून उतरून फर्लांगभर चाललो आणि रस्त्याच्या कडेला बसलो. सरांनी तिथंच होल्डॉल उघडायला लावला. आत तीन टॉवेल, केसाला लावायच्या तेलाची मोठी बाटली, लाडवांचा पितळी डबा आणि ईदला शिवलेला नवा सदरा! लाडवांचं ओझं मुलांनी तिथल्या तिथं हलकं केलं, एवढाच काय तो फायदा.

आणि एवढं सगळं असून रात्री मी कुडकुडलो. दोन्ही चादरी अंगावर घेतल्या होत्या, खाली नुसती सतरंजी. जमीन अंगातली ऊब ओढून घेते, हे कुणी सांगितलं नव्हतं. अंथरुणात ऊब धरते ती त्यात अडकलेली हवा. अंगाखालची चादर वजनानं दबते, तिच्यातली हवा निघून जाते. म्हणून पांघरुणापेक्षा अंथरूण जाड हवं. सगळ्यात खाली प्लॅस्टिकचा कागद, कारण ओल वर येते. त्यावर वर्तमानपत्राच्या दोन-चार घड्या, मग गोधडी. (हा लेख वाचून झाल्यावर ही पुरवणीही चालेल.) दिवसभर घातलेले कपडे घामानं दमट झालेले असतात, त्यांत झोपू नये. रात्रीसाठी कोरडा सदरा, कोरडे मोजे आणि कानटोपी वेगळ्या पिशवीत बांधून ठेवावी आणि दिवसा तिला हात लावू नये.

बॅग भरायची ती उलट्या क्रमानं. जे सगळ्यात शेवटी लागणार ते तळाशी, म्हणजे रात्रीचे कपडे आणि पांघरूण. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या बाजूला. त्या बाहेरच्या अंगाला ठेवल्या तर बॅग मागं ओढते आणि मुलगा वाकून चालतो. टॉर्च, पाणी, खाऊ आणि पावसाळा असेल तर रेनकोट सगळ्यात वर. कपडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, म्हणजे बॅग भिजली तरी आतलं कोरडं राहतं. टॉर्च सेलची असेल तर एक सेल उलटा घालून ठेवावा. बॅगेत बटण दाबलं गेलं तरी सेल संपत नाही. काडेपेटीतल्या काड्यांची गुलं वितळलेल्या मेणात बुडवून घेतली की दमट हवेत सर्दत नाहीत. साबणाची अख्खी वडी कशाला, पाव पुरते. ताटाऐवजी खोलगट ताटली, वाटी, पेला, चमचा. सगळ्यांवर नाव, कारण स्टीलच्या वाट्या सगळ्या सारख्याच दिसतात.

आणि बॅग मुलानंच भरायची. अंधारात टॉर्च लागते तेव्हा ती कुठं आहे हे भरणाऱ्यालाच ठाऊक असतं, आणि भरणारी आई घरी असते.

आता थोडं त्या यादीबद्दल. नातवाच्या यादीत 'स्लीपिंग बॅग' आणि 'ट्रेकिंगचे बूट' होते. ते वाचून मला आमच्या वर्गातला एक मुलगा आठवला. आमच्या यादीत 'पांढरे कॅनव्हासचे बूट' होते. त्यानं ताप आल्याचं सांगितलं. तो शिबिराला आला नाही. बूट नव्हते हे आम्हाला वार्षिक परीक्षेच्या सुमारास कळलं. याउलट तुकडीतला दुसरा एक जण खताचं रिकामं पोतं धुऊन घेऊन आला होता. तळाच्या दोन कोपऱ्यांत आतून एकेक खडा ठेवायचा, बाहेरून खड्याखाली दोरी आवळायची म्हणजे ती निसटत नाही, आणि तीच दोरी पोत्याच्या तोंडाशी बांधायची. झाली पाठपिशवी. माझ्या होल्डॉलपेक्षा सरस.

बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत ब्राऊनसी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं. त्यात वीसेक मुलं होती. काही श्रीमंतांच्या नावाजलेल्या शाळांतली, तर काही जवळच्या पूल आणि बोर्नमथ गावांतल्या साध्या घरांतली. ती मुद्दाम एकत्र आणली होती. यादी करताना शिक्षकांनी हे आठवावं. 'स्लीपिंग बॅग किंवा गोधडी', 'बूट किंवा मजबूत चपला' एवढं लिहायला जागा लागते ती किती!

मी नातवाच्या सरांना फोन केला. "गोधडी चालेल की," ते म्हणाले. मग तसं लिहून कळवा, म्हटलं. त्यांनी त्याच रात्री कळवलं.

नातवानं बॅग पुन्हा भरली. सात किलोंना दोनशे ग्रॅम कमी. सकाळी दारात पाहिलं तर वर दुसरी गोधडी बांधलेली. मी काटा आणायला निघालो, तर तो जिना उतरूनही गेला होता.

आमच्या सरांची एक पद्धत होती. परत आल्यावर सामानाचे तीन ढीग करायचे : वापरलेलं, एखाद्या वेळी वापरलेलं आणि न वापरलेलं. प्रथमोपचाराची पेटी आणि रेनकोट सोडून तिसरा ढीग पुढच्या वेळी घरी. रविवारी रात्री नातवाला तसे ढीग करायला लावले. तिसऱ्यात आईनं गुपचूप घातलेला स्वेटर निघाला. पहिल्यात एकच गोधडी होती.

"दुसरी?"

"ती अजून त्याच्याकडेच आहे," तो म्हणाला आणि जेवायला बसला.