क्रांतीच्या न्यायालयात आरोपीचा वकील कुठे असतो?

आमच्या दिघोरी परिसरातून लाखांदूरमार्गे वडसा गाठले की गडचिरोली जिल्हा सुरू होतो. त्यामुळे ‘क्रांतिकारी सरकार’ हा शब्द भंडारा जिल्ह्यातील माणसाला निव्वळ पुस्तकी वाटत नाही. १९८० च्या सुमारास आंध्रातून पीपल्स वॉरची दलमे गडचिरोलीच्या जंगलात उतरली. तेंदूपत्त्याची तुटपुंजी मजुरी, बांबू कटाईचे दर, ठेकेदारांची लूट, जंगल खात्याच्या लोकांची दंडेली हे सगळे प्रश्न खरे होते. दलमांच्या दबावाने मजुरी वाढली, हेही खरे आहे. ते नाकारून आम्हाला काही साधायचे नाही.

पण पुढे काय झाले? याच चळवळीने दंडकारण्यात ‘जनताना सरकार’ उभे केले, जनअदालती भरवल्या आणि ‘पोलिसांचा खबरी’ हा नवा गुन्हा जन्माला घातला. एप्रिल २०१८ मध्ये कसनसूर-बोरिया येथे पोलीस चकमकीत सुमारे ४० माओवादी मारले गेले. जानेवारी २०१९ मध्ये त्याच कसनसूरच्या तीन गावकऱ्यांना, खबर दिल्याच्या संशयावरून, माओवाद्यांनी ठार केले. अशा हत्यांत बळी जाणारा बहुतेक वेळा गरीब आदिवासीच असतो. ज्याच्या नावाने क्रांती, त्याच्याच गळ्यावर सुरी!

वकिली करताना आम्हाला रोज चार प्रश्न विचारावे लागतात. आरोप नेमका काय? पुरावा कोणता? आरोपीची बाजू कोणी मांडली? आणि निकाल चुकला तर दाद कुठे मागायची? जनअदालतीत या चारही प्रश्नांना उत्तर नाही. तिथे फिर्यादी तोच, न्यायाधीश तोच आणि शिक्षा देणाराही तोच. आमचे म्हणणे असे, की क्रांतिकारी सत्ता हिंसेकडे आणि भीतीकडे नेमकी कधी वळते हे पाहायचे असेल तर तिच्या तोफा मोजू नका. तिच्या न्यायालयात आरोपीच्या वकिलाला प्रवेश आहे की नाही, ते पाहा.

फ्रान्सचे उदाहरण घ्या. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे जगाच्या राजकारणात गाजवणारी ती क्रांती. तिचा पुढारी रोबेस्पिअर व्यवसायाने वकील. १७९१ मध्ये याच माणसाने फाशीची शिक्षा रद्द करा म्हणून भाषण केले होते. पण १७९३ मध्ये चहूकडून राजांच्या फौजा चालून आल्या, देशात बंडे झाली, आणि सप्टेंबरमध्ये ‘संशयितांचा कायदा’ आला. गुन्हा करण्याची गरज उरली नाही, संशय पुरेसा झाला. १० जून १७९४ च्या कायद्याने क्रांतीच्या न्यायालयात आरोपीचा वकीलच काढून टाकला आणि निकाल दोनच ठेवले, सुटका किंवा मृत्यू. त्या न्यायालयाच्या स्थापनेसाठी झटणारा दाँतों एप्रिल १७९४ मध्येच त्याच न्यायालयाच्या हुकमाने गिलोटिनखाली गेला होता. २८ जुलैला रोबेस्पिअरचाही शिरच्छेद झाला, तोही खटल्याशिवाय. वकिलाला बंद केलेले दार त्या वकिलालाही उघडले नाही.

रशियाची गोष्ट याहून बोलकी आहे. बोल्शेविकांनी सत्ता घेताच १९१७ मध्ये फाशी रद्द केल्याचे जाहीर केले. त्याच सुमारास संविधान सभेच्या निवडणुका झाल्या आणि त्यांत बोल्शेविकांना बहुमत मिळाले नाही. जानेवारी १९१८ मध्ये ती संविधान सभा एकाच बैठकीनंतर बंद करण्यात आली. डिसेंबर १९१७ मध्ये स्थापन झालेले ‘चेका’ हे गुप्त पोलीस खाते वाढत गेले, फाशी परत आली, सप्टेंबर १९१८ मध्ये ‘लाल दहशत’ हे सरकारी धोरण झाले. १ डिसेंबर १९३४ रोजी किरोव्हचा खून होताच स्टॅलिनच्या सरकारने हुकूम काढला. दहशतवादाच्या खटल्यांचा तपास दहा दिवसांत संपवायचा, वकील नाही, अपील नाही, शिक्षेची अंमलबजावणी ताबडतोब. १९३७-३८ या दोनच वर्षांत सरकारी नोंदींप्रमाणे ६ लाख ८० हजारांहून अधिक माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांत क्रांतीचे जुने शिलेदार होते, आणि गुप्त पोलिसांचा माजी प्रमुख यागोदाही होता. कंबोडियात पोल पॉटच्या राजवटीने १९७५ ते १९७९ या काळात लाखो माणसे मारली, विहारे ओस पाडली आणि भिक्खूंची चीवरे उतरवली.

हे असे का होते? क्रांतिकारक जन्मतः क्रूर असतात म्हणून नव्हे. त्यांना शत्रू खरोखरच असतात. पण एकदा का ‘पक्ष म्हणजेच जनता’ हे समीकरण मांडले, की पक्षाला विरोध करणारा जनतेचा शत्रू ठरतो. शत्रूला वकील कशाला, असा प्रश्न मग सहज विचारला जातो. वकील नसला की खोटा आरोप पकडला जात नाही. मारझोडीने कबुलीजबाब मिळतो, कबुलीत आणखी दहा नावे निघतात, आणि सत्तेला जिकडेतिकडे कटच दिसू लागतो. लोक सत्तेला भितात आणि सत्ता लोकांना भिते.

यावर आमच्या तरुणांचा सवाल ठरलेला आहे. ‘साहेब, खैरलांजीत तुमच्या कायद्याने काय दिले?’ प्रश्न रास्त आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी याच भंडारा जिल्ह्यात भोतमांगे कुटुंबातील चौघांना गावाने ठेचून मारले. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा सत्तेतल्या मंडळींना त्यामागे नक्षलवादी दिसले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लावला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीही रद्द केली. भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये गेले. हा अन्याय आम्ही विसरणार नाही. पण कायदा अपुरा पडला हे ज्या निकालपत्रात लिहिलेले दिसते, त्या निकालाविरुद्ध अपील करता येते, बोलता येते, मोर्चा काढता येतो. जनअदालतीच्या निकालाविरुद्ध मोर्चा कोण काढणार?

बाबासाहेबांनी हा धोका ओळखला होता. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूत ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या विषयावर बोलताना त्यांनी दारिद्र्य नाहीसे करण्याचे ध्येय नाकारले नाही, त्यासाठी हिंसा आणि हुकूमशाही हा मार्ग नाकारला. भगवंतांच्या संघातही भिक्खूवरील आरोपाचा निवाडा त्याच्या समक्ष व्हावा, असा विनयाचा नियम होता. आणि आमच्या जिल्ह्याने तर डोळ्यांनी पाहिले आहे. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत संविधानाचे शिल्पकार पराभूत झाले. त्यांनी मतदारांना शत्रू ठरवले नाही. लेनिनने हरल्यावर संविधान सभा बंद केली, बाबासाहेबांनी हरल्यावर संविधान सांभाळले. दोन क्रांत्यांमधला फरक यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. बंदूक खाली आली याचे आम्ही स्वागत करतो. पण जंगल, जमीन आणि मजुरीचे प्रश्न अजून तिथेच आहेत. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. तेव्हा सरकारलाही आम्ही बजावतो, संशय म्हणजे पुरावा हा रोग फक्त क्रांतिकारकांनाच जडतो असे नाही. सुधीर ढवळे ४० महिने तुरुंगात राहून २०१४ मध्ये निर्दोष सुटले. प्रा. साईबाबा अनेक वर्षांच्या कैदेनंतर मार्च २०२४ मध्ये निर्दोष ठरले आणि ऑक्टोबरमध्ये गेले.

तरुण मित्रांनो, उद्या कोणीही नवे राज्य आणण्याची भाषा घेऊन गावात आला, झेंडा कोणत्याही रंगाचा असो, तर त्याला दोनच प्रश्न विचारा. तुमच्या राज्यात माझ्यावर आरोप झाला तर माझी बाजू कोण मांडणार? आणि आम्ही तुम्हाला मत दिले नाही तर तुम्ही काय करणार? तो चिडला, तर त्याच्या मागे जाऊ नका.