पाऊस उघडत नसेल तर तटावर चढा

तंबू गळतोय, मोजे वाळत नाहीत, तरी फिरायचंच आहे? मग बव्हेरियातलं नोर्डलिंगेन गाठा. इथला मध्ययुगीन तट अख्खा शाबूत आहे आणि त्यावरची वाट कौलारू छपराखालून जाते. सुमारे २.७ किलोमीटरची पूर्ण फेरी, तीही छत्रीविना!

गाव वसलंय ते दीड कोटी वर्षांपूर्वीच्या उल्काविवरात. आपलं लोणार जेमतेम १.८ किलोमीटर रुंद, हे जवळपास २५. विवर ज्वालामुखीचं, असाच बराच काळ समज होता. १९६० मध्ये इथल्या खडकात कोएसाइट हे उल्केच्या आघातासारख्या प्रचंड दाबाखाली बनणारं खनिज सापडलं आणि वाद मिटला. सेंट गेऑर्ग चर्च याच आघातातून घडलेल्या सुएवाइट दगडाचं. ओल्या भिंतीवर हात फिरवून बघा, राखाडी दगडात काचेचे काळपट तुकडे दिसतात. चर्चचा ९० मीटरचा ‘डॅनिएल’ मनोरा मात्र ढग असताना चढू नये, वर जाऊन धुकंच दिसतं.

बव्हेरियातल्याच रोथेनबुर्ग गावाच्या तटालाही छप्पर आहे, पण तुळया ठेंगण्या, उंच माणसांनी डोकं सांभाळावं. मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात पडलेला भाग देणग्यांतून उभा राहिला. देणगीदारांची नावं दगडांवर कोरलेली आहेत, त्यांत कितीतरी जपानी.