‘वाइल्डवुड फ्लॉवर’ : उगम, ध्वनिमुद्रण आणि कर्तृत्वाचा प्रश्न

अमेरिकेतील ‘कंट्री’ संगीतात ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ हे गीत सामान्यतः लोकगीत समजले जाते. वस्तुतः ते १८६० साली, निराळ्या शीर्षकाने, छापील स्वरलिपीच्या रूपात प्रसिद्ध झाले. संगीत जोसेफ फिलब्रिक वेब्स्टर यांचे; शब्द मॉड अर्विंग या नावावर नोंदलेले. दिवाणखान्यात गाण्याची ही रचना पुढे अ‍ॅपलाचियन डोंगराळ प्रदेशात मौखिक परंपरेत मुरली. या प्रवासात तिच्यातील फुलांची नावे इतकी बदलली, की काही ओळींचा अर्थही लागत नाही.

१० मे १९२८ रोजी न्यू जर्सीतील कॅमडेन येथे कार्टर कुटुंबाने व्हिक्टर कंपनीसाठी ते ध्वनिमुद्रित केले. गायन सारा कार्टर यांचे, गिटार मेबेल कार्टर यांची. मेबेल अंगठ्याने खर्जाच्या तारांवर चाल वाजवीत आणि त्याच वेळी बोटांनी उरलेल्या तारा छेडून लय सांभाळीत. एरवी साथीपुरती असलेली गिटार येथे गाऊ लागली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. गिटार शिकणाऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी हाच धडा गिरविला आहे.

पाठचिकित्सेच्या दृष्टीने १८६०चा पाठ मूळ ठरतो. गायकांनी मात्र प्रमाण मानला तो तबकडीवरील भ्रष्ट पाठ. मौखिक परंपरेतील पाठभेदांचा प्रवाह ध्वनिमुद्रणाने जणू गोठविला. कर्तृत्वाचेही तसेच झाले. गीतसंग्राहक ए. पी. कार्टर यांचे नाव अनेक तबकड्यांवर रचनाकार म्हणून छापले गेले आणि वेब्स्टर विस्मृतीत गेले. वुडी गथ्री यांनी ‘रूबेन जेम्स’ या बुडालेल्या युद्धनौकेवरील गीतासाठी हीच चाल घेतली.