दावणीची मोटार

आमच्या बीड जिल्ह्यात दोन माणसे रस्त्यात भेटली की पहिला प्रश्न पावसाचा असतो आणि दुसरा, अलीकडे, गाडीचा. "पाऊस काय म्हणतो?" याचे उत्तर बहुतेक वर्षी एका वाक्यात आटोपते. गाडीचे उत्तर मात्र चहाचे दोन कप रिचवले तरी पुरे होत नाही. पावसाच्या बाबतीत आमचा जिल्हा कोरडा खरा, पण मोटारीच्या गप्पांचा दुष्काळ येथे कोणी पाहिलेला नाही.

मी अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. मुकुंदराजांचे आणि दासोपंतांचे हे गाव. रविवारी सकाळी आम्ही चारपाच जण मुकुंदराजांच्या समाधीकडे फिरायला जातो. तेथे असेपर्यंत आमच्या बोलण्याला थोडीफार 'विवेकसिंधू'ची झळाळी असते. परतताना चहाच्या टपरीपाशी आपापल्या गाड्या दिसल्या, की विवेक आणि सिंधू दोन्ही मागे राहतात. आमच्यात एक डॉक्टर आहेत, एक कापडाचे व्यापारी आहेत, आमच्याच महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे सर आहेत आणि ऊसतोडीचे एक मुकादमही आहेत. प्रत्येकाची गाडी वेगळी, प्रत्येकाचा अभिमान वेगळा, आणि एकमेकांच्या गाडीविषयीची दया मात्र सारखी!

"डॉक्टर, तुमची गाडी दिसायला देखणी आहे, पण आपल्या रस्त्याला पोट घासतं तिचं," मुकादम म्हणतात.

"आणि तुमची, मुकादम? पाहुण्यारावळ्यांना चढायला शिडी लागते!" डॉक्टर परतफेड करतात.

"चढायला त्रास पडू द्या की. उतरताना माणूस वरून खाली बघतो, त्याचेच पैसे दिलेत आपण!"

ही भाषा मी अनेक वर्षे ऐकतो आहे, आणि भाषेचा मास्तर असल्यामुळे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मोटारीविषयी बोलताना आमची माणसे मोटारीची भाषा बोलतच नाहीत, बैलाची बोलतात. गाडी पेट्रोल 'पिते', ऑइल 'खाते', घाटात 'दम धरते' नाहीतर 'मान टाकते'. गाय दूध 'देते' तशी गाडी ॲव्हरेज 'देते'. जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी किलोमीटरचा आकडा पाहतो आणि तो मागे फिरवलेला तर नाही ना, अशी शंका घेतो. त्याचा आजा बाजारात बैलाचा जबडा उघडून, आदत आहे की दोनदाती, चौदाती आहे की जुळलेला, हे असेच निरखून पाहत असे. देवणी की लालकंधारी, या वादात ज्यांची रात्र सरायची, त्यांचीच नातवंडे आज डिझेल की पेट्रोल यावर घसा कोरडा करतात. आणि दसऱ्याला आमच्या गल्लीतून फेरी मारा. झेंडूची माळ, हळदकुंकू, समोर फुटलेला नारळ, चाकाखाली लिंबू! शिंगे रंगवायची तेवढी राहिली आहेत.

हे असे का, याचा उगम आमच्या भूगोलात आहे. परळीला आगगाडी निजामी राजवटीतच पोचली होती, पण खुद्द बीड शहराने आपली आगगाडी पाहिली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी. तोपर्यंत जिल्ह्याच्या मुख्य गावाला रूळच नव्हते. कोर्टकचेरी असो, दवाखाना असो, की मुलीला पाहायला येणारे पाहुणे असोत, सगळे रस्त्यानेच. एस. टी. चुकली की माणूस चुकला. अशा मुलखात स्वतःचे वाहन ही चैन नव्हती, ती सुटका होती.

माझ्या लहानपणी आमच्या गावात एकच जीप होती. लग्नात नवरदेव तिच्यातून मिरवे आणि अडलेली बाळंतीणही तिच्यातूनच तालुक्याला जाई. जीपमालक मोठ्या मनाचा होता, पण त्यानंतर वर्षभर त्याला पारावर आधी चहा मिळत असे, हेही खरे. पुढे मारुती आली. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली, आणि अँबॅसिडर व फियाट यांच्यापलीकडे पाहण्याची मध्यमवर्गाला हिंमत आली. आमच्याकडे ती हिंमत उशिरा पोचली, पण पोचली. २००० साली बोलेरो निघाली, २००२ साली स्कॉर्पिओ आली, आणि मग पुढाऱ्यांचे, ठेकेदारांचे आणि मुकादमांचे नशीब एकदम उंच झाले. जमिनीपासून निदान दोन हात!

गाडी आली की तिला नाव हवे. बैलाला सर्जा, राजा म्हणून भागत होते. मोटारीला सरकार फक्त क्रमांक देते. पण मराठी माणूस आकड्यांनी हटणारा नव्हे. इंग्रजी आकड्यांतले ४१४१ किंचित वळवून त्याने त्याचे 'दादा' केले, २१४ चा 'राम' केला आणि ८०५५ चा 'बॉस'! ज्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत मला ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता लागत नाही, त्यांच्या पाट्यांवर हा अक्षरविलास पाहून मी चकित होत असे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सरकारी ठशाची एकसारखी पाटी सक्तीची झाली आणि या काव्यप्रकाराला ओहोटी लागली. हौस मात्र ओसरली नाही. मनाजोगता आकडा मिळावा म्हणून परिवहन कार्यालयात जादा शुल्क भरणारे आजही रांगेत आहेत.

एका बाबतीत मात्र बैलबाजार आणि मोटारीचा बाजार उलटे आहेत. बैलाचा सौदा रुमालाखाली होई. दोघांचे हात धोतराच्या सोग्यात किंवा उपरण्याखाली, बोटे दाबून किंमत सांगायची, बघ्यांना पत्ता नाही. मोटारीची किंमत आम्ही चारचौघांत मोठ्याने सांगतो. रुमालाखाली राहतो तो हप्ता! आमच्या टपरीवरच्या इतक्या वर्षांच्या गप्पांत कोणी आपला हप्ता सांगितल्याचे मला आठवत नाही. मीही सांगितलेला नाही.

होय, मीही. कारण तीन वर्षांपूर्वी मीदेखील गाडी घेतली. जुनीच, पण पांढरी शुभ्र आणि एकाच मालकाने वापरलेली. पहिल्या रविवारी टपरीवर तिचे परीक्षण झाले. मुकादमांनी चाकाला पायाने हलकेच टोला दिला, डॉक्टरांनी दार लावून आवाज ऐकला आणि व्यापारी म्हणाले, "सर, गाडी बेस्ट आहे, पण आतून बोडकी दिसते. आसनाला कव्हर घाला."

घातले. तपकिरी रंगाचे, चामड्यासारखे दिसणारे, सोनेरी शिवणीचे. कव्हर चढवणाऱ्या कारागिराने मला विचारलेही होते, "सर, मागचे पट्टे वर काढून ठेवू का?" मी पाहिले. नव्या कोऱ्या कव्हरवर ते काळे पट्टे उगीच लोंबकळत होते. म्हटले, "नको, आत दाबून टाका. मागे कोण लावतो?" पुढच्या रविवारी कव्हरची फार वाहवा झाली. मुकादमांनी तर वर हात फिरवून, "काय वाण आहे!" असे बैलाचेच प्रमाणपत्र दिले. मी फुलून गेलो.

त्याच हिवाळ्यात आम्ही एका लग्नाहून परत येत होतो. मी पट्टा लावून चालवत होतो, शेजारी पत्नी, तिनेही लावलेला. मागे आई एकटी, मांडीवर आहेराची पिशवी. अंधार पडला होता. वेग फारसा नव्हता, चाळीसच्या आसपास. वळणावर एकाएकी उसाने भरलेली, मागे दिवा नसलेली बैलगाडी समोर उभी राहिली. ब्रेक दाबून मी गाडी बाजूला घेतली. ती कडेच्या दगडावर आदळून थांबली. बैल वाचले, गाडीवान वाचला, आम्ही दोघे जागच्या जागी होतो. मागून मात्र एक हुंकार आला. आई पुढच्या आसनावर येऊन आपटली होती. समोरचे दोन दात गेले आणि उजवे मनगट मोडले.

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीचा विचार करीत होतो. पट्टा गाडीत होता. कारखान्याने दिलेला होता. माझ्या सोनेरी शिवणीखाली तो गाडलेला होता.

पुढल्या रविवारी मी हे टपरीवर सांगितले. प्रथमच तेथे कोणी थट्टा केली नाही. पदार्थविज्ञानाच्या सरांनी कागद मागून घेतला आणि हिशेब मांडला. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एकदम थांबली, तर आतले मोकळे माणूस त्याच वेगाने पुढे जात राहते. हा वेग सुमारे १४ मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा असतो, म्हणजे चार मजली माडीवरून. "चौथ्या मजल्यावरच्या कठड्यावर तुम्ही आईला बसवाल का?" त्यांनी विचारले. कोणी काही बोलले नाही.

मग डॉक्टर हळूच म्हणाले, "आपल्या जिल्ह्याला तरी हे दुसऱ्याने सांगायला नको होतं." सगळ्यांना ते समजले. परळी तालुक्यातल्या नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे केंद्रात मंत्री होऊन आठवडाही झाला होता न झाला होता, तोच ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटारीच्या अपघातात गेले. ते मागच्या आसनावर बसले होते. मागचा पट्टा केवळ शोभेचा असतो या गैरसमजापायी आपण मित्र गमावला, असे तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी म्हटले होते. १४ ऑगस्ट २०२२ रोजी विनायक मेटे मुंबईला बैठकीसाठी निघाले आणि द्रुतगती मार्गावरच्या अपघातात दगावले. पुढच्याच महिन्यात पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. त्यांच्या गाडीत मागे बसलेल्या दोघांनीही पट्टे लावलेले नव्हते. या प्रत्येक बातमीनंतर आमच्या टपरीवर हळहळ झाली होती. पण गाडी कोणती होती आणि वेग किती होता, यापलीकडे आमचे बोलणे गेले नव्हते.

तीन टोकांचा हा पट्टा १९५९ साली स्वीडनमधल्या व्होल्वो कंपनीच्या नील्स बोलिन या अभियंत्याने गाडीत आणला, आणि कंपनीने तो इतर कारखान्यांनाही खुला ठेवला. आपल्याकडे मागे बसणाऱ्यानेही तो लावला पाहिजे असा नियम आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने न लावणाऱ्यास १,००० रुपये दंड ठेवला आहे. पण दंडाच्या धाकाने बांधलेली गोष्ट पोलीस दिसेनासा झाला की सुटते. माणूस मनापासून करतो ते मिरवण्यासाठी, हे माझ्याइतके कोणास ठाऊक असणार?

येथे एक कबुली दिली पाहिजे. पट्ट्याच्या या गप्पा गाडीत बसणाऱ्यांच्या आहेत. दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊस तोडायला बाहेर पडतात. नवराबायको मिळून तेथे 'एक कोयता' मोजतात. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या मागे भांडीकुंडी, शेळ्या आणि त्या सगळ्यांच्या वर पोरेबाळे. त्यांना बांधायला पट्टाच नाही. मुकादमांची उंच गाडी त्या रांगेच्या पुढे धावते. हे मी त्यांना बोललो तेव्हा ते बराच वेळ कप हातात धरून बसले. नंतर कळले की यंदा त्यांनी बायकापोरांसाठी वेगळी बस ठरवली. उचलीतून पैसे कापले की नाही, ते मी विचारले नाही. तेही रुमालाखालीच राहिले असेल.

माझे कव्हर मी त्याच आठवड्यात उसवून घेतले. पट्टे बाहेर काढले. आता आतून गाडी तितकीशी देखणी दिसत नाही. पण रविवारी टपरीवर मी मागचे दार उघडतो आणि पट्टे दाखवतो, अगदी शिंगांना शेंब्या घातल्यासारखे! गंमत अशी, की ही लागण पसरली. परवा मुकादमांनी आपली गाडी टपरीसमोर मुद्दाम सावकाश थांबवली, मागची काच खाली केली आणि ओरडले, "सर, बघा!" आत त्यांची म्हातारी आई नऊवारीवरून पट्टा आवळून, डोईवरचा पदर सावरीत, मिरवणुकीतल्या नवरीसारखी ताठ बसली होती.

माझ्या आईचे मनगट आता बरे आहे, दातही नवे बसवले आहेत. तिचे सारे आयुष्य शेतात गेले. वडील गाडी जुंपताना शिवळा आणि सापत्या दोनदा चाचपून पाहत, हे तिने पाहिलेले. पट्टा लावून घेताना ती अजून कुरकुरते. कड्डकन आवाज झाला, की मग विचारते,

"झालं का मला जुंपून? मग हाक आता गाडी."