पाणचक्कीचें घर

पूर्वींचें औरंगाबाद, म्हणजे सध्यांचें छत्रपती संभाजीनगर, येथील पाणचक्की श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. डोंगराकडून मातीच्या नळांतून खेळवीत आणलेलें पाणी आडव्या चाकाच्या पात्यांवर पडे आणि त्या चाकाच्या उभ्या दांड्यावर बसविलेलें जातें त्याबरोबर फिरे. आपल्याकडे अशी चक्की हा प्रेक्षणीय अपवाद होय. कारण दळण हें घरोघरच्या जात्याचें आणि तें ओढणाऱ्या स्त्रियांच्या हातांचें काम होतें. इंग्लंडांत तें कित्येक शतकें नदीनाल्यांचें काम होतें. तेथील खेड्यांत चर्चच्या खालोखाल महत्त्वाची इमारत कोणती, असें विचारल्यास पाणचक्कीकडेच बोट दाखवावें लागेल. अशा चक्कीचा जन्म कसा झाला आणि शेवटीं तिचें काय झालें, हें हँबल्डन गांवच्या चक्कीवरून चांगलें कळतें.

हँबल्डन हें बकिंगहॅमशायर परगण्यांतील लहानसें गांव. त्याच्या दक्षिणेस, थेम्स नदीच्या कांठीं, मिल एंड म्हणजे ‘चक्कीचें टोक’ या नांवाची वस्ती आहे. विल्यम राजानें सर्व राज्याची जी पाहणी करविली, तिच्या १०८६ सालच्या दप्तरांत देशांतील सुमारें सहा हजार चक्क्यांची नोंद आहे. हँबल्डनची चक्कीहि तींत असून तिचें वार्षिक उत्पन्न वीस शिलिंग, म्हणजे एक पौंड, दिलें आहे. नदीकांठीं आज दिसणारी पांढऱ्या रंगाची, फळ्यांच्या भिंतींची उंच इमारत अर्थातच त्या काळची नव्हे. इमारती पडतात, जळतात, पुन्हां उभ्या राहतात; जेथें पाण्यास उतार मिळतो ती जागा मात्र सहसा बदलत नाहीं.

इंग्लंडांतील बहुतेक चक्क्यांचें चाक आपल्या पाणचक्कीप्रमाणें आडवें नसून उभें असे. तें मिनिटास आठदहा फेरेच घेई. दातेरी चाकांच्या योजनेनें ह्या संथ गतीची दसपट गति करून ती वरच्या मजल्यावरील जात्यांस देत. जातें म्हणजे चार फूट व्यासाच्या दोन तळ्या. खालची स्थिर, वरची फिरती. बारीक पिठासाठीं फ्रान्समधील ला फेर्ते येथील दगडास फार मान होता. ह्या दगडांस वरचेवर टाकी लावावी लागे, आणि तें काम करणाऱ्या कारागिराच्या हातांत पोलादाचे कण रुतून कातडी काळवंडे. धान्य वरच्या मजल्यावर चढवीत व तें आपल्याच वजनानें खालीं उतरत पिठाच्या पोत्यांत येई. म्हणून चक्कीची इमारत उंच आणि तिच्या तुळया भक्कम. ही गोष्ट पुढें उपयोगी पडली.

हें सारें वाचून चक्की म्हणजे गांवावरील उपकारच, असें वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिति तशी नव्हती. चक्की जमीनदाराची किंवा मठाची असे, आणि कुळांनीं आपलें धान्य तेथेंच दळून आणलें पाहिजे असा दंडक असे. दळणाबद्दल पिठाचा अथवा धान्याचा वांटा कापून घेत. कोठें सोळावा, कोठें चोविसावा. अर्थात् घरांत जातें बाळगणें हा अपराध ठरे. सेंट ऑल्बन्स येथील मठाधिपतीनें चौदाव्या शतकांत लोकांचीं जातीं जप्त केलीं आणि त्यांचे दगड मठाच्या फरशींत बसविले. १३८१ सालच्या शेतकऱ्यांच्या बंडांत नगरवासी मठांत शिरले, त्यांनीं ती फरशी उखडली आणि दगडांचे तुकडे आपसांत वांटून घेतले. आपल्याकडे ज्या जात्यानें बायकांची कंबर मोडली, तेंच जातें तेथें स्वातंत्र्याची खूण ठरावें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

थेम्सवर आणखी एक तंटा होता. चक्कीसाठीं बंधारा घालून पाणी अडवावें, तर नावा जाणार कशा? बंधाऱ्यांत एक फट ठेवीत. तिच्या फळ्या काढल्या कीं तुंबलेलें पाणी लोंढ्यानें सुटे आणि त्याबरोबर नाव खालीं जाई. वर येणारी नाव दोरानें ओढून काढावी लागे. पाणी सुटलें कीं चक्की मंदावे. म्हणून चक्कीवाला पैसे मागे, आणि नदी आटली असली म्हणजे नावाड्यांस खोळंबत ठेवी. १७७३ सालीं हँबल्डन येथें दोन दरवाजांची कोंडी, जिला लॉक म्हणतात, बांधण्यांत आली तेव्हां हें भांडण बरेंचसें मिटलें. (ऑक्सफर्ड व केंब्रिज यांची पहिली नौकाशर्यत १८२९ सालीं ह्याच लॉकपासून सुरू झाली.)

चक्क्यांचा ऱ्हास पाण्याअभावीं झाला नाहीं. तो पांढऱ्या पिठामुळें झाला. १८४६ त धान्यावरील जकातीचा कायदा रद्द झाला, आणि पुढें १८७० नंतर अमेरिकेचा स्वस्त गहूं आगबोटींनीं येऊं लागला. हा गहूं कठीण. दगडापेक्षां पोलादी रुळांखालीं तो चांगला दळला जाई. रुळांची पद्धत बुडापेस्ट शहरांत नांवारूपास आली होती. तिनें कोंडा व अंकुर वेगळे निघत, पीठ शुभ्र होई आणि पुष्कळ दिवस टिके. नव्या गिरण्या लिव्हरपूल, हल अशा बंदरांत निघाल्या आणि खेड्यांतील चक्क्या गुरांचें खाद्य भरडूं लागल्या. ज्या पिठांतून पोषक अंश काढून टाकला होता त्यासच लोकांनीं श्रेष्ठ मानलें, ह्यांत गरिबांचा दोष थोडा; पांढरी भाकरी ही तोंपर्यंत श्रीमंतांची मिरास होती.

हँबल्डनची चक्की पुष्कळच टिकली. तेथील दळण १९५५ सालीं थांबलें आणि १९७० नंतरच्या दशकांत इमारतींत बिऱ्हाडें करण्यांत आलीं. अशा रूपांतरावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. जुनी यंत्रें राहत्या घरांत मावत नाहींत, म्हणून तीं बहुधा काढावीं लागतात. मग उरतें तें चक्कीचें कवच. आक्षेप खरा आहे. परंतु लांकडी फळ्यांची, पाण्यावर उभी असलेली इमारत रिकामी ठेवल्यास दहावीस पावसाळ्यांत ती कुजते, हेंहि तितकेंच खरें. भाडें देणारा माणूस आंत असला म्हणजे छप्पर शाकारलें जातें. यंत्रें राखावयाचीं तर त्यांस काम द्यावें लागतें, आणि तें सर्वांस साधत नाहीं. थेम्सवरच वरच्या अंगास मेपलडरम येथें तें साधलें. तेथील चक्कींत एकविसाव्या शतकांतहि पीठ दळलें गेलें.

हँबल्डनची इमारत आज संरक्षित यादींत आहे. आंत लोक राहतात, म्हणून वाटेनें जाणाऱ्यास ती बाहेरूनच पाहतां येते. त्यासाठीं बंधाऱ्यावरून लॉककडे जाणारी पायवाट आहे. तिच्याखालून पाणी पूर्वींच्याच आवाजानें पडत असतें.